ब्रेस्लाउ, लुईज कॅथरीन
(६ डिसेंबर १८५६ – १२ मे १९२७). पॅरिसमध्ये नाव कमावलेली स्विस चित्रकार. जन्म म्युनिकचा, जर्मन ज्यू घरातला, वाढली झुरिकमध्ये आणि कामाचं सगळं आयुष्य गेलं पॅरिस नि त्याला खेटून असलेल्या न्यूयीत, त्यामुळे जर्मन, स्विस, फ्रेंच तिन्हीकडचे लोक तिला आपल्यात धरतात. या नोंदीत स्विस म्हटलंय कारण लहानपण आणि चित्रकलेचे पहिले धडे तिथले, आणि दफनही स्वित्झर्लंडातल्या बाडेन गावी आईशेजारी झालं. पाळण्यातलं नाव मारिया लुइझे काथारीना, लुईज कॅथरीन हे फ्रेंच वळणाचं नाव तिनं पॅरिसला गेल्यावर घेतलं.

वडील बेर्नहार्ट ब्रेस्लाउ हे प्रसूतितज्ज्ञ. १८५८ च्या सुमारास झुरिक विद्यापीठात नेमणूक झाली म्हणून कुटुंब तिकडे गेलं. १८६६ मध्ये शवविच्छेदन करताना झालेल्या संसर्गानं ते वारले, तेव्हा ही जेमतेम दहा वर्षांची. तिला दमा होता, हवापालट म्हणून कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या एका कॉन्व्हेंटात ठेवलं होतं आणि अंथरुणात पडल्यापडल्या वेळ घालवायला चित्रं काढायला लागली असं चरित्रकार सांगतात. पुढे झुरिकमध्ये एडुआर्ट फिफर या चित्रकाराकडे शिकवणी लागली. हा फिफर आता कोणाला फारसा आठवत नाही, पण ओटिली रोडरश्टाइन (१८५९–१९३७) ही झुरिकचीच दुसरी मोठी चित्रकार, तीही सुरुवातीला त्याच्याचकडे शिकली, तेव्हा माणूस अगदीच सामान्य नसावा. गंमत म्हणजे याच झुरिक विद्यापीठानं १८६७ मध्ये नादेझ्दा सुस्लोव्हा या रशियन बाईला डॉक्टरकीची पदवी दिली होती, म्हणजे बाईला डॉक्टर व्हायचं तर युरोपभरातून झुरिकला यायचं, आणि झुरिकच्या बाईला चित्रकार व्हायचं तर मात्र झुरिक सोडायचं. रोडरश्टाइन आधी बर्लिनला आणि मग पॅरिसला गेली, ब्रेस्लाउ थेट पॅरिसला.

पॅरिसमध्ये एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेची दारं बायकांना १८९७ पर्यंत बंदच होती. पर्याय होता रोदोल्फ ज्युलियाँची खासगी अकादमी, स्थापना १८६८. सुरुवातीला तिथे मुलंमुली एकत्र शिकायची, मग बायकांचे वर्ग वेगळे केले आणि फी पुरुषांच्या जवळपास दुप्पट लावली. तरी मुली यायच्या कारण नग्न मॉडेल समोर ठेवून अभ्यास करायला दुसरीकडे कुठे फारसं मिळत नसे. तोनी रोबेर-फ्लरीसारखे नावाजलेले चित्रकार ठरावीक दिवशी येऊन प्रत्येकीचं काम बघून जायचे, आणि वर्गात स्पर्धा लावून नंबर काढले जायचे. हा वर्ग कसा दिसायचा ते तिथेच शिकणाऱ्या रशियन चित्रकार मारी बाश्कीर्त्सेफच्या १८८१ च्या एका चित्रात बघायला मिळतं: ईझल लावून दाटीवाटीनं बसलेल्या बायका, चौथऱ्यावर हातात काठी घेऊन उभा असलेला उघडा मुलगा आणि मागे टांगलेला हाडांचा सापळा.

ब्रेस्लाउ इथे नेमकी कधी दाखल झाली यावर थोडा घोळ आहे. बहुतेक ठिकाणी १८७६ देतात. पण बाश्कीर्त्सेफ १८७७ च्या ऑक्टोबरात आली आणि तिनं रोजनिशीत लिहिलं की ब्रेस्लाउ दोन वर्षांपासून इथे आहे, ती वीस वर्षांची नि मी सतरा. तसं धरलं तर १८७५ येतं. आता यात ब्रेस्लाउचं वय बरोबर आहे, ती डिसेंबरात एकवीसची होणार होती, पण बाईसाहेबांचं स्वतःचं चुकीचं, कारण मारीचा जन्म आता १८५८ चा मानतात म्हणजे ती एकोणिसाला टेकली होती. रोजनिशी १८८७ मध्ये छापली तेव्हा घरच्यांनी बरीच काटछाट केली होती हेही लक्षात ठेवायला हवं. 'दोन वर्षं' हे ढोबळ बोलणं असावं आणि १८७६ हेच जास्त पटतं.

दोघींच्या चुरशीबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मारी पानंच्या पानं कुढते, ब्रेस्लाउ पुढे गेली, मास्तरांनी तिचं कौतुक केलं वगैरे, आणि जुने लेखक ते वाचून दोन मत्सरी पोरींची गोष्ट रंगवतात. अलीकडचे अभ्यासक ज्युलियाँच्या नंबर काढायच्या पद्धतीकडे बोट दाखवतात, सगळ्याच मुलींना तिथे एकमेकींकडे बघत काम करावं लागायचं, आणि हे म्हणणं जास्त सरळ वाटतं. एक खरं की ही सगळी हकीकत एकाच बाजूची आहे. ब्रेस्लाउच्या बाजूनं जे आहे ते मुख्यतः तिची आयुष्यभराची जोडीदार मादलेन झिलहार्टनं १९३२ मध्ये लिहिलेलं आठवणींचं पुस्तक, आणि त्यात प्रेम जास्त हे ओघानं आलंच. शिवाय मारी १८८४ मध्ये क्षयानं गेली, रोजनिशी गाजली, आणि पुढची कितीतरी वर्षं ब्रेस्लाउचं नाव त्या रोजनिशीतलं एक पात्र म्हणूनच घेतलं जायचं, जे बरं नाही.

कारण कामात ती पुढेच होती. १८७९ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक सरकारी चित्रप्रदर्शनात, 'तू पास' (फ्रेंचमध्ये 'सगळं सरतं') हे चित्र लागलं, त्या वर्षी ज्युलियाँच्या बायकांच्या वर्गातून सलोंमध्ये पदार्पण करणारी ती एकटीच. १८८१ चं 'लेझामी' म्हणजे मैत्रिणी, याला सलोंमध्ये सन्माननीय उल्लेख मिळाला आणि इथून तिचं नाव झालं. टेबलाभोवती तिघी आहेत, विंटरटूरची सोफी शेप्पी, गाणं शिकणारी मारिया फेलर आणि उजव्या कडेला स्वतः ब्रेस्लाउ, आणि टेबलावर चक्क एक पांढरं कुत्रं. तिघी एकाच बिऱ्हाडात राहायच्या. चित्रात कोणी कोणाकडे बघत नाहीये, गप्पा नाहीत, तरी त्या एकमेकींच्या सवयीच्या आहेत हे कळतं. फ्रेंच चित्रकार बास्तियाँ-लपाजचा निसर्गवाद (साधं जगणं दिसतं तसं रंगवणं) यात दिसतो असं म्हणतात, पण घरातल्या शांत बायका हा विषय तिचा स्वतःचा, तो शेवटपर्यंत टिकला.

पुढची वाटचाल थोडक्यात. १८८९ च्या पॅरिस महाप्रदर्शनात सुवर्णपदक, १८९० पासून सोसिएते नासिओनाल या कलावंतांच्या संस्थेच्या वेगळ्या सलोंमध्ये, १९०१ मध्ये लेजियों दोनर हा फ्रेंच सरकारचा किताब, हा मान मिळालेली ती पहिली परदेशी चित्रकर्ती. चित्रकार देगाशी चांगली ओळख होती. पेस्टलवर (रंगीत खडूंवर) हात बसला होता आणि पोटापाण्याचं बरंचसं काम मुलांची नि श्रीमंत घरांतली व्यक्तिचित्रं हेच होतं. पहिल्या महायुद्धात आघाडीवर निघालेल्या सैनिकांची आणि नर्सेसची चित्रं काढली. ती वारल्यावर १९२८ मध्ये एकोल दे बोझारमध्ये तिच्या कामाचं प्रदर्शन भरलं. त्यानंतर बराच काळ सामसूम, मग २००१ मध्ये लोझानच्या संग्रहालयानं मोठं प्रदर्शन केलं. 'लेझामी' जिनिव्हाला आहे, झिलहार्टसोबतचं 'काँत्र-जूर' (१८८८) बर्नला आणि 'ला व्ही पाँसिव्ह' (१९०८) लोझानला.