स्कीला एकटं जाणाऱ्याची खाट: खोलीऐवजी पलंग विकायची पद्धत आली कुठून

स्कीला एकटं जायचं ठरवलं की लिफ्ट पासचं, म्हणजे डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या तिकिटाचं, गणित कसंतरी बसतं, अडतं ते राहण्यापाशी. डोंगरातली बहुतेक हॉटेलं खोलीचा भाव लावतात आणि खोली दोघांची धरलेली असते, म्हणजे तुम्ही एकटे गेलात तरी न आलेल्या दुसऱ्या माणसाचे पैसे तुम्हीच भरायचे, कुठे त्याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात, कुठे नावही न देता लावून टाकतात. ह्यावर खरा उपाय एकच, खोली न विकता खाट विकायची. बंक रूम म्हणा, डॉर्म म्हणा, एकावर एक खाटांची सामायिक खोली, भाव माणशी. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, आणि तिची मुळं शोधत गेलं की लक्षात येतं, ती हॉटेलवाल्यांनी काढलेलीच नाही. ती आली साधूंकडून, गिर्यारोहण क्लबांकडून, कामगारांच्या संघटनांकडून आणि एका शाळामास्तराकडून.

सुरुवात अकराव्या शतकापासून करावी लागते. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर २,४६९ मीटर उंचीवर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड आहे, तिथे वाटसरू बर्फात अडकून मरायचे म्हणून बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने साधारण १०५० च्या आसपास एक आश्रयघर उभं केलं. कोण आला, कुठून आला हे न विचारता दार उघडायचं हा तिथला नियम. ते घर आजही चालू आहे. हिवाळ्यात रस्ता बंद होतो, मग वर जायचं तर स्की लावून नाहीतर स्नोशूज घालूनच, आणि पोचलं की आधी गरम चहा देतात, झोपायची खोली नंतर दाखवतात. तिथे अजूनही सामायिक खोल्या आहेत, आणि एकट्याने आलेला माणूस हा त्यांच्यासाठी काही वेगळा प्रकार नाही, हजार वर्षं माणसं अशीच येत आलीत.

आता स्कीचे हॉटेलवाले रिसॉर्ट बघा, त्यांचा उगम अगदी उलटा. १८६४ ला स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलमालकाने आपल्या इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यातही येऊन बघा असं पैजेवर सांगितलं, तेव्हापासून आल्प्समधला हिवाळा श्रीमंतांचा सीझन झाला असं मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर काही स्विस गावांतली हॉटेलं ठराविक इंग्रजी शाळांतून शिकलेल्यांसाठी सीझनभर राखीव असायची. खोली, जेवणाचा हॉल, संध्याकाळचे कपडे, सगळं कुटुंबाच्या आणि जोडप्याच्या हिशोबाने. एकटा कमी पैशातला माणूस त्या चित्रात नव्हताच.

तो होता वर, हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहण क्लबांनी डोंगरात बांधलेल्या साध्या निवाऱ्यात. स्विस अल्पाइन क्लब १८६३ ला निघाला आणि त्याच वर्षी त्यांनी ट्योडी डोंगरावर पहिली हट बांधली. ऑस्ट्रियाचा क्लब १८६२ चा, जर्मनांचा १८६९ चा, मग दोघे एकत्र आले आणि पुढे पूर्व आल्प्सभर हट उभ्या राहिल्या. ह्या हटमध्ये झोपायची व्यवस्था म्हणजे लागर, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी फळी, तिच्यावर गाद्या खेटून लावलेल्या, माणशी एक उशी आणि एक ब्लँकेट. गर्दी वाढली की सगळ्यांनी थोडं थोडं सरकायचं. खोलीचा भाव लावायला खोलीच नाही, म्हणून हिशोब आपोआप माणशी झाला! हे सगळं मुळात उन्हाळ्यातल्या गिर्यारोहकांसाठी होतं, पण १८९७ ला पाउल्के नावाच्या जर्मन गिर्यारोहकाने आणि त्याच्या साथीदारांनी स्कीवरून बर्नीज ओबरलांड हा स्विस डोंगराळ भाग पार केला, १९०३ ला फ्रान्समधल्या शामोनीच्या डॉ. पायोंच्या तुकडीने तिथून स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटपर्यंतची वाट स्कीवरून काढली, आणि मग हिवाळ्यातही हटची दारं वाजायला लागली. म्हणून पुष्कळ हटमध्ये विंटर रूम ठेवतात, हटचा राखणदार खाली गेलेला असला तरी ती एवढी खोली उघडी असते, आत चूल, फोडलेली लाकडं, ब्लँकेटं, एक पातेलं बर्फ वितळवायला, आणि पैसे टाकायला एक पेटी. बघणारं कुणी नाही, तरी माणसं पैसे टाकून जातात.

नॉर्वेत हाच विश्वास आणखी पुढे गेला. तिथली ट्रेकिंग संघटना १८६८ ची, आज त्यांच्याकडे ५५० च्या वर केबिन आहेत, सेल्फ-सर्व्हिस केबिनमध्ये तर डबाबंद खाणंही मांडून ठेवलेलं असतं, घ्यायचं, लिहायचं, पैसे द्यायचे. जागा संपली म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत, जमिनीवर गादी टाकून देतात.

कामगारांची गोष्ट फार कमी सांगितली जाते आणि ह्याचं मला वाईट वाटतं. त्या काळात बरेच अल्पाइन क्लब मध्यमवर्गीय, शिकलेल्या लोकांचे होते. १८९५ ला व्हिएन्नात समाजवादी कामगारांनी नातुरफ्रॉइंडे म्हणजे निसर्गमित्र ही संघटना काढली, रविवारी स्वतः दगड-लाकूड वाहून घरं बांधली, म्हणजे कारखान्यातल्या माणसालाही डोंगरात रात्र काढता यावी आणि पुढे स्कीही करता यावी. १९३३ ला जर्मनीत आणि १९३४ ला ऑस्ट्रियात त्यांच्यावर बंदी आली, घरं जप्त झाली. युद्धानंतर संघटना पुन्हा उभी राहिली.

आणि मग तो शाळामास्तर, रिखार्ड शिरमान. २६ ऑगस्ट १९०९, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तो बरेच दिवसांच्या पायी सहलीवर निघालेला, वाटेत जोराचं वादळ आलं, रात्रीचा निवारा मिळेना. शेवटी ब्र्योल नदीच्या खोऱ्यातल्या एका शाळेत आसरा मिळाला, सुट्टीमुळे वर्ग रिकामे, खाली पेंढा पसरला आणि मुलं झोपली. बाहेर विजा चालू, मास्तर जागा, आणि त्या जागरणात त्याला वाटलं की प्रत्येक गावात शाळा असते आणि सुट्टीत ती रिकामीच असते, मग पायी चालत एका दिवसात गाठता येईल एवढ्या अंतरावर असं झोपायचं ठिकाण का नसावं? आधी त्याने स्वतःच्या शाळेत सोय केली, मग १९१२ ला आल्टेनाच्या किल्ल्यात यूथ हॉस्टेल सुरू झालं. त्या जुन्या खोल्या तिथे जपून ठेवल्यात, जाड लाकडाचे तीन मजली बंक. पुढे वेगवेगळ्या देशांच्या संघटना १९३२ ला ॲमस्टरडॅममध्ये एकत्र आल्या आणि शिरमान त्यांचा पहिला अध्यक्ष झाला, १९३६ ला नाझींनी त्याला ते पद सोडायला लावलं.

हॉस्टेल स्कीसाठी निघालेलं नव्हतं हे लक्षात घ्या, पण नियम स्कीवाल्याला अगदी जुळले, भाव माणशी, स्वयंपाकघर सामायिक, ओळखपाळख संध्याकाळी आपोआप. एकट्या माणसाला दुसऱ्या दिवशी स्लोपवर सोबत हवी असते, ऑफ-पिस्टला, म्हणजे आखलेल्या उतारांच्या बाहेर, तर ती सुरक्षेसाठीच हवी असते, आणि ती ह्या स्वयंपाकघरातच मिळते. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये नाही मिळत.

उत्तर अमेरिकेत हे सगळं मंदीच्या वर्षांत पोचलं आणि वेळ अगदी बरोबर लागली, कारण लोकांकडे पैसे नव्हते आणि स्कीचं वेड नुकतंच चढत होतं. १९३१ ला बॉस्टनहून स्की करणाऱ्यांसाठी खास स्नो ट्रेन सुटायला लागल्या. १९३३ ला कॅनडात कॅलगरीजवळ ब्रॅग क्रीकला बार्कले बहिणींनी चक्क एक तंबू ठोकून हॉस्टेल सुरू केलं, ते त्या खंडातलं पहिलं. १९३४ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्डला अमेरिकेतलं पहिलं हॉस्टेल उघडलं. आणि त्याच १९३४ ला कॅलिफोर्नियात डोनर पास ह्या खिंडीजवळ सिएरा क्लब ह्या निसर्गप्रेमींच्या संघटनेच्या लोकांनी क्लेअर टॅपान लॉज बांधलं, स्वयंसेवकांच्या श्रमाने. हे लॉज मला ह्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात जवळचं वाटतं. रस्त्यापासून आपलं सामान आपणच बर्फातून वर न्यायचं, झोपायला बंक, स्लीपिंग बॅग स्वतःची, जेवण लांब टेबलांवर सगळ्यांचं एकत्र, आणि प्रत्येकाने एक काम करायचं. कुणी भांडी घासतं, कुणी झाडतं, कुणी भाज्या चिरतं. हातात फडकं घेऊन शेजारी उभं राहिलं की एकटं आलोय हे कुणाला सांगावंही लागत नाही.

सरकारी पैशातून बांधलेल्या ओरेगनच्या टिंबरलाइन लॉजमध्येसुद्धा, १९३७ चं ते, मोठ्या खोल्यांबरोबर बंकच्या साध्या खोल्याही आहेत, बाथरूम सामायिक. युटातल्या आल्टाला १९४८ ला एक लॉज तर युद्धानंतर उरलेल्या लष्करी बराकी उचलून आणून उभं केलं, आणि तिथल्या काही लॉजमध्ये पुरुषांची-बायकांची वेगळी डॉर्म, भाड्यातच जेवणखाण, ही पद्धत टिकून राहिली.

न्यूझीलंडने तर ह्याचा कळसच केला. कँटरबरीतले क्लब फील्ड्स म्हणजे पूर्ण डोंगरच क्लबचा, लिफ्टच्या जागी बहुतेक ठिकाणी फिरता दोर, त्याला कमरेच्या पट्ट्याला बांधलेला नटक्रॅकर नावाचा लोखंडी चिमटा अडकवून वर ओढून घ्यायचं. टेंपल बेसिनला गाडीतळापासून तासभर चढून जावं लागतं, सामान तेवढं मालवाहू लिफ्टने वर येतं. राहायला बंक रूम, कामं वाटून. बिनसदस्यालाही घेतात.

फ्रान्सचा रस्ता वेगळा, तिथे सरकार मध्ये आलं. १९३६ ला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी कायद्याने मिळाली, स्वस्त रेल्वे तिकिटं निघाली, यूथ हॉस्टेलं वाढली. युद्धानंतर कूर्शव्हेल हे स्की रिसॉर्ट सुरू झालं ते सुद्धा मुळात सामान्य लोकांसाठी म्हणून, आज तिथले भाव बघून खरं वाटणार नाही. १९६५ ला यूसीपीए ही संस्था दोन संघटना एकत्र करून निघाली, तरुणांसाठी खाट, जेवण, पास, स्की आणि शिकवणी सगळं एका पॅकेजात, एकट्याने यायचं आणि चार-पाच अनोळखी लोकांबरोबर खोलीत राहायचं हे तिथे गृहीतच. पण त्याच काळात प्लान नेज म्हणून सरकारी योजना आली, उंचावर नवीकोरी स्की रिसॉर्ट, स्लोपला चिकटून हजारो छोटी अपार्टमेंटं. जागा वाचवायला दारातून आत आल्या आल्या कॉरिडॉरमध्येच बंक बसवलेला असतो, त्याला कोपरा-डोंगर अशा अर्थाचं गोड नाव आहे. बंक आहे, पण खाट विकत नाहीत! पूर्ण अपार्टमेंट घ्यायचं, तेही बहुतेक शनिवार ते शनिवार. चौघांना ते स्वस्त पडतं, एकट्याला हॉटेलपेक्षा महाग.

माझ्या मते खरी गाडी इथेच घसरली, आणि फक्त फ्रान्समध्ये नाही. साठच्या दशकापासून अमेरिकेतही रिसॉर्टचा पैसा तिकिटापेक्षा कॉन्डोत, म्हणजे विकायच्या फ्लॅटमध्ये, आणि जमिनीत दिसायला लागला. लिफ्टखालच्या जमिनीचा भाव वाढला की बंकहाऊस ठेवणं परवडत नाही, तिथे मालक विकतो किंवा पाडून बांधतो, त्याला तरी दोष काय द्यायचा. २००८ ला अनेक रिसॉर्ट चालवणाऱ्या व्हेल कंपनीने ५७९ डॉलरला सीझनभराचा एपिक पास काढला आणि वारंवार जाणाऱ्यांचं स्की करणं स्वस्त झालं, पण राहणं नाही झालं, उलट ऑनलाइन भाड्याने घरं देणं सुरू झाल्यावर लिफ्ट चालवणाऱ्या, बर्गर तळणाऱ्या कामगारांनाच गावात खोली मिळेना, आणि स्वस्त खाटांसाठी पाहुणे आणि कामगार एकाच रांगेत आले. २०२० च्या साथीत सामायिक खोल्या बंद पडल्या, आल्प्सच्या हटमध्ये खाटा कमी केल्या, स्लीपिंग बॅग स्वतःची आणा असं सांगितलं गेलं.

नवीन काय आलं तर पॉड, म्हणजे एका माणसापुरती बंदिस्त खाट. जपानमध्ये १९७९ ला ओसाकात पहिलं कॅप्सूल हॉटेल निघालं होतं, ती कल्पना २०१८ ला कॅनडातल्या व्हिसलर ह्या स्की गावात मध्यभागी पोचली, पडदा, दिवा, लॉकर आणि स्कीसाठी वेगळी जागा. लागरच्या मानाने महाग, पण भाव माणशी. त्याच व्हिसलरला २०१० च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या खेळाडूंच्या वस्तीतली एक इमारत खेळ संपल्यावर हॉस्टेल झाली, गावाच्या बाहेर, बसने यायचं. जागा नेमकी लिफ्टपासून लांब आहे, आणि आता बंक रूम शोधायची तर नकाशावर पहिल्यांदा तिथेच बघावं लागतं, दरीत खाली, शेवटच्या बस स्टॉपजवळ, नाहीतर मग सरळ वर, जिथे गाडीच जात नाही.