हॉटेलातले सतरा आठवडे: ठाणे-नवी मुंबईतल्या ट्रेनिंगची पार्श्वभूमी

नेरुळ, वाशी किंवा ठाण्यातल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात एका सत्रात वर्गच्या वर्ग रिकामे असतात. मुले ‘आयटी’ला गेलेली असतात. ऐरोली-महापेत ही दोन अक्षरे सॉफ्टवेअरची. इथे इंडस्ट्रियल ट्रेनिंगची. नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून त्याला कुठे कुठे ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग) म्हणतात, हॉटेलचे एचआर इंटर्नशिप म्हणते आणि कायद्यात शिकाऊ उमेदवारी नावाचा वेगळाच प्रकार आहे. ही एकाच गोष्टीची चार नावे आहेत असे समजून सह्या केल्या जातात आणि पुढचे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात. प्रत्येक शब्दाचा उगम वेगळा आहे. महिन्याला हातात काय पडेल आणि कोणत्या विभागात किती दिवस मिळतील, हे त्या उगमावरच ठरते.

युरोपात हे काम मुळात उमेदवारीनेच शिकले जायचे. आधुनिक हॉटेल किचनची शिस्त ज्याने बसवली तो ऑग्यूस्त एस्कॉफिए १८५९ मध्ये, तेराव्या वर्षी, नीसमधल्या काकांच्या रेस्टॉरंटात कामाला लागला. १८९३ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये पहिली हॉटेल शाळा निघाली. ती हॉटेलवाल्यांनीच काढली, कारण प्रवासी वाढत होते आणि तयार माणसे मिळत नव्हती. शाळा आणि हॉटेल यांचे हे नाते पहिल्यापासून असे आहे: शाळेला सरावाची जागा हवी असते आणि हॉटेलला हात हवे असतात.

आपल्याकडची सुरुवात मात्र हॉटेलांतून झाली नाही, आणि हे फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असते. १९५४ मध्ये मुंबईत या शिक्षणाची देशातली पहिली संस्था उभी राहिली, ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलमार्फत. आज दादरला असलेले आयएचएम, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, ते हेच. काळ धान्यटंचाईचा होता. स्वस्त, सकस जेवण मोठ्या प्रमाणावर कसे शिजवायचे, हा प्रश्न होता. संस्थेच्या नावात ‘हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी’च्या पुढे ‘अँड अप्लाइड न्यूट्रिशन’ अजून आहे, ते त्यामुळे. ठाणे-बेलापूर पट्ट्यालाही हे लागू पडते. इथे चकचकीत लॉबी येण्याच्या कितीतरी आधी मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक चालत होता तो कारखान्यांच्या कँटीनमध्ये. १९४८ च्या कारखाने कायद्याने २५० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन ठेवायला लावता येत होते.

पुढे १९६० च्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथेही संस्था आल्या. १९६६ मध्ये ओबेरॉय समूहाने स्वतःची शाळा काढली. १९८२ मध्ये, दिल्लीत एशियाडसाठी नवी हॉटेले उघडत होती त्याच वर्षी, हॉटेल मॅनेजमेंटची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. परिषदेमुळे देशभरचा अभ्यासक्रम एक झाला आणि ट्रेनिंगचे माप ठरले. तिच्या पदवी अभ्यासक्रमात ते १७ आठवड्यांचे आहे: प्रॉडक्शन म्हणजे किचन, एफ अँड बी सर्व्हिस म्हणजे खाणे-पिणे वाढणे, हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिस अशी चार विभागांतली फेरी, रोजचे लॉगबुक, प्रत्येक विभागाचे अप्रेझल म्हणजे मूल्यमापन आणि शेवटी अहवाल.

आठवड्याला एक सुट्टी धरली तर १७ आठवड्यांच्या १०२ ड्युट्या होतात. चार विभागांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २५. तेवढ्यात एखादे काम हातात बसते, पण एकही आठवडा वाया गेलेला चालत नाही. म्हणून फेरीचा क्रमही महत्त्वाचा. आमच्या मते हाउसकीपिंग आधी असावे आणि फ्रंट ऑफिस शेवटी. हाउसकीपिंगमध्ये इमारत कळते, सर्व्हिस लिफ्ट कुठे उघडते, लिनन कुठून येते, खोलीला व्हेकंट डर्टी म्हणायचे कधी आणि व्हेकंट क्लीन कधी, हे अंगवळणी पडते. हे न कळता रिसेप्शनवर उभा राहिलेला ट्रेनी सुपरवायझरने न तपासलेल्या खोलीची चावी देऊन बसतो. पाहुणा सामान घेऊन वर जातो, तर पलंगावर कालची चादर.

बाथरूम साफ करण्याचेच घ्या. बहुतेक हॉटेलांत आर-वन ते आर-सिक्स अशा आकड्यांच्या रसायनांच्या बाटल्या असतात. आर-टू पृष्ठभागांसाठी, आर-थ्री काचेसाठी, आर-सिक्स फक्त कमोडच्या आत. आर-सिक्स आम्लधर्मी असते आणि संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद. घाईत बाटली बदलली आणि दोन थेंब संगमरवरी कट्ट्यावर पडले, की दगडाची चकाकी तिथे कायमची जाते. तो डाग पुसून निघत नाही, कारण तो डाग नसून झिजलेला दगड असतो. पुन्हा पॉलिशच करावे लागते. वर्गात हे एका ओळीत सांगितले जाते. ड्युटीवर पाचव्या खोलीला थकलेल्या हातात बाटली असताना ते खरे कळते.

आता नवी मुंबईचा भाग. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, पण हॉटेलांना खरा ग्राहक मिळाला तो पुढे, कारखान्यांच्या जागी ऑफिस पार्क येऊ लागले तेव्हा. बेलापूरचे द पार्क, वाशीचे फोर पॉइंट्स यांसारखी हॉटेले या व्यवसायावर उभी राहिली. त्यामुळे इथल्या हॉटेलांचा आठवडा गोव्याच्या उलटा असतो. सोमवार ते गुरुवार खोल्या कंपन्यांच्या पाहुण्यांनी भरतात, शुक्रवारपासून त्या रिकाम्या होतात आणि बँक्वेट भरते. लग्न, साखरपुडा, बारसे, पन्नाशी. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूलाही हेच चित्र आहे. डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा कार्यक्रम असला, जसे जानेवारी २०२५ मधले कोल्डप्लेचे कार्यक्रम किंवा २ नोव्हेंबर २०२५ ची महिला विश्वचषकाची अंतिम लढत, की खोल्या आणि बँक्वेट दोन्ही एकदम भरतात.

ट्रेनिंग बिघडते ते इथे. शुक्रवार-शनिवार-रविवारी बँक्वेटला माणसे कमी पडतात आणि हाउसकीपिंग किंवा फ्रंट ऑफिसला लावलेला ट्रेनी तिकडे ओढला जातो. चार आठवड्यांच्या २४ ड्युट्यांपैकी १२ बँक्वेटमध्ये जातात. तिथे काम काय, तर खुर्च्यांना कव्हर घालणे, जेवण गरम ठेवणाऱ्या चेफिंग डिशखाली पाणी भरणे, प्लेटा उचलणे. पहिल्या दोन दिवसांत शिकण्यासारखे असते. पुढचे दहा दिवस फक्त हात लागतात. लॉगबुकमध्ये मात्र ‘हाउसकीपिंग’च लिहिले जाते, कारण त्या पानावर विभागाचे नाव आधीच छापलेले असते. कोविडनंतर हे वाढले. जुलै २०२० मध्ये महाराष्ट्रात हॉटेले ३३ टक्के क्षमतेने उघडली, तेव्हा कायमचा स्टाफ कमी झालेला होता. धंदा परतला तशी ती पोकळी ट्रेनींनी भरायची सवय लागली.

पैशाचा गोंधळ कायद्याच्या इतिहासातून आलेला आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा मुख्यतः आयटीआयच्या ट्रेड्ससाठी होता. हॉटेलातले कुक, स्टुअर्ड, हाउसकीपर हे ट्रेड त्यात आले. या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. पण त्याचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि किमान स्टायपेंड द्यावाच लागतो. २०१९ च्या सुधारणेत ही किमान रक्कम शिक्षणानुसार महिन्याला ५,००० ते ९,००० रुपये ठरली. केंद्राच्या २०१६ च्या योजनेतून त्यातला २५ टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा भाग मालकाला परत मिळायचा; २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. कॉलेजने पाठवलेला इंटर्न या करारात बसत नाही. त्याच्या पत्रावर जो आकडा असेल तो. त्यामुळे एकाच किचनमध्ये, एकाच टेबलावर कांदा चिरणाऱ्या दोघांना वेगवेगळे पैसे मिळतात.

ओजेटी त्याहून वेगळी. महाराष्ट्रात नव्या धोरणाखाली तिला ४ क्रेडिट आहेत. क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास, म्हणजे आठ तासांच्या १५ ड्युट्या. एवढ्यात चार विभाग फिरवणे व्यर्थ आहे. एकच विभाग घ्यावा.

रुजू होण्याआधी पत्रात चार गोष्टी मागाव्यात: विभागवार तारखा, ड्युटीचे तास, स्टायपेंडचा आकडा आणि रात्रीची सोय. किचन किंवा सर्व्हिसला जाणार असाल तर वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि टायफॉइडची लस आधीच घ्या. अन्नसुरक्षेच्या नियमांत ती खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे, आणि दाखला नसला तर पहिला आठवडा स्टोअरमध्ये डबे मोजण्यात जातो. लॉगबुकवर सही रोजची रोज, शिफ्ट सुपरवायझरची. बँक्वेटला पाठवले तर त्या पानावर ‘बँक्वेट’ असे हाताने लिहून सही घ्यावी. दोन आठवड्यांनी ती पाने कॉलेजच्या ट्रेनिंग समन्वयकाला दाखवली, की हॉटेलशी बोलायला त्यांच्या हातात काही तरी असते. सतराव्या आठवड्यात दाखवून काही होत नाही.

रात्रीचा मुद्दा आता आणखी मोठा होणार. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणे सुरू झाली. विमानाच्या क्रूला सोमवार-रविवार नसतो. पहाटे तीनला चेक-इन, साडेचारला नाश्त्याचे डबे. सेकंड शिफ्ट अकराला सुटते, समारंभ असला तर एक वाजतो, आणि ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी तोवर गेलेली असते. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि घरापर्यंत वाहन ही अट आहे. पण ती ‘कामगार’ स्त्रीसाठी. शिकाऊ उमेदवार त्या व्याख्येतून वगळलेला आहे आणि कॉलेजच्या इंटर्नचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून पनवेल किंवा डोंबिवलीहून येणाऱ्या मुलीने ‘रात्री साडेनऊनंतरच्या ड्युटीला हॉटेलची गाडी घरापर्यंत सोडेल’ हे वाक्य पत्रात लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.