आरएसएसची बेरीज करू नका, पीएसएस बघा

लिनक्समधे एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) किती मेमरी खाते हे बघायला व्हीएसझेड, आरएसएस, पीएसएस असे आकडे असतात. व्हीएसझेड आणि आरएसएस मधला फरक आता बहुतेकांना माहितीये, एक म्हणजे नुसता मागून ठेवलेला ॲड्रेस स्पेस, दुसरं म्हणजे खरोखर रॅममधे बसलेली पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे), त्यामुळे ते सोडून देतो. खरा घोळ आरएसएस आणि पीएसएसचा (शेअर्ड पेजेसमधला फक्त आपला वाटा मोजणारा आकडा) आहे.

होतं काय, लोक प्रोसेसची यादी देणारी पीएस कमांड मारतात, सगळ्या वर्कर्सच्या (ॲपचं काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस) आरएसएस कॉलमची ऑक या टूलने बेरीज करतात आणि सांगतात ॲप साडेतीन जीबी खातंय. अरे पण आरएसएस मोजताना ते पेज अजून कोण वापरतंय हे बघितलंच जात नाही! एकच पेज आठ प्रोसेस मिळून वापरत असतील तर ते आठही जणांच्या नावावर पूर्णच्या पूर्ण लागतं.

समजा मास्टर म्हणजे मुख्य प्रोसेस धरून आठ प्रोसेस आहेत, फोर्क करायच्या (मास्टरची कॉपी काढून नवीन प्रोसेस बनवायच्या) आधी लोड केलेला 400 एमबी डेटा सगळ्यांत शेअर आहे आणि प्रत्येकाचे स्वतःचे 50 एमबी. प्रत्येकाचा आरएसएस 450, बेरीज 3600 एमबी. रॅम गेली किती? 400 अधिक आठ गुणिले 50, म्हणजे 800. पीएसएस शेअर्ड पेज वाटून घेतो, म्हणून प्रत्येकी 50 अधिक 50 असे 100 आणि बेरीज बरोबर 800. पोस्टग्रेस डेटाबेसमधेही तेच, शेअर्ड बफर्सची (सगळ्यांत सामाईक कॅशची) जेवढी पेजेस एखाद्या बॅकएंडने (कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोसेसने) हाताळली तेवढी त्याच्या आरएसएसमधे चढतात. माझ्या एका जुन्या टीमने असल्याच बेरजेवरून सर्व्हरची रॅम दुप्पट केली, फ्री कमांडमधला अव्हेलेबलचा (अजून वापरायला मिळू शकणाऱ्या रॅमचा) आकडा एकानेही बघितला नव्हता, मला अजून त्याचा राग येतो.

पीएसएस बघायला प्रॉक डिरेक्टरीमधे त्या प्रोसेसच्या पीआयडीखाली (तिच्या नंबरखाली) स्मॅप्स-रोलअप फाइल आहे, लिनक्स कर्नल 4.14 पासून. दुसऱ्या युजरची प्रोसेस असेल तर रूट लागेल, आणि ती वाचताना कर्नलला पेज टेबल्स (कुठलं पेज रॅममधे कुठे आहे याची नोंद) चाळावी लागतात म्हणून दर सेकंदाला वाचू नका.

पण एक लक्षात ठेवा, पीएसएस शेजाऱ्यांवर अवलंबून असतो. वरच्यातल्या सात प्रोसेस बंद केल्या की उरलेलीचा पीएसएस 100 वरून 450 होतो, तिने एक बाइट नवीन न घेता. त्यामुळे "ही एक मारली तर किती सुटेल" असा प्रश्न असेल तर त्याच फाइलीतल्या प्रायव्हेट क्लीन आणि प्रायव्हेट डर्टी या दोन ओळी मिळवा, तो यूएसएस, म्हणजे फक्त त्या प्रोसेसची स्वतःची रॅम. आणि स्वॅपमधे (रॅममधून काढून डिस्कवर) गेलेली पेजेस यातल्या कशातच येत नाहीत, त्यांच्यासाठी त्याच फाइलीत स्वॅप-पीएसएसची वेगळी ओळ आहे.