बोर्ड पंक्चर नव्हता, हवा थंड झाली होती

परवा आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, लाल अक्षरात, "हवेचा पॅडलबोर्ड उन्हात ठेवू नका, बॉम्बसारखा फुटतो!!" आणि खाली सतरा जणांचे हात जोडलेले. (पॅडलबोर्ड म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हं मारत जायची फळी.) उन्हात ठेवू नका हे बरोबरच आहे, पण कारण चुकीचं, आणि कारण चुकलं की माणूस भलत्याच गोष्टीला घाबरतो आणि खरी चूक करत राहतो. मी स्वतः केलीय म्हणून सांगतो.

माझा बोर्ड फुगवायचा आहे, साडेदहा फूट लांब, सहा इंच जाड. एप्रिलमध्ये पवना धरणाच्या बॅकवॉटरला नेला, गाडी लावली तिथेच भर उन्हात पंप मारून १५ पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड दाब, ते माप) भरला, मस्त टणटणीत. पाण्यात टाकला, दहा मिनिटांनी उभा राहिलो तर मधे केळ्यासारखा वाकतोय! म्हटलं झालं, पंक्चर. घरी येऊन साबणाच्या पाण्याने सगळा पुसून काढला, बुडबुडा कुठेच नाही. तरी मी संशयावर दोन ठिकाणी किटमधला गोंद फासलाच. पुढच्या वेळी परत तेच.

शाळेत गे-ल्युसॅकचा नियम शिकलो होतो ना, आकारमान तेवढंच असेल तर वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, बस तेवढाच खेळ आहे. फक्त दोन ठिकाणी गफलत होते. एक, तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. दुसरी गफलत जास्त लोक करतात, पंपावरचा काटा खरा दाब दाखवतच नाही, तो बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे तेवढंच दाखवतो. पवनेचं पाणी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, तिथे बाहेरच्या हवेचाच दाब साधारण १३.७ पीएसआय. म्हणजे काटा १५ म्हणतो तेव्हा आत खरे २८.७ असतात.

आता उन्हात तापलेल्या बोर्डातली हवा ५० अंश धरा (पंप मारताना हवा दाबली जाते म्हणून ती वेगळी तापते, सायकलच्या पंपाची नळी चटका देते तसंच), म्हणजे ३२३ केल्विन. पाणी २७ अंश, म्हणजे ३००. २८.७ गुणिले ३०० भागिले ३२३, उत्तर २६.७, त्यातून बाहेरचे १३.७ वजा केले की काट्यावर उरले १३. एक कणभर हवा बाहेर न जाता दोन पीएसआय गायब! मी आठवडाभर भोक शोधत होतो ते असं.

आणि उलटं? पाण्याजवळ बोर्ड थंड असताना १५ भरला आणि मग जेवायला बसताना उन्हात टाकून दिला, आतली हवा ६० अंशाला गेली, तर काटा जातो १८ च्या थोडा वर. तीनपेक्षा थोडे जास्त वाढले. धडधाकट बोर्ड एवढ्याने बॉम्बसारखा वगैरे फुटत नाही. त्याच्या कडेच्या जोडांना गोंद असतो आणि तोच गोंद उन्हाने मऊ पडतो, म्हणजे दाब वाढतो आणि धरून ठेवणारा ढिला होतो, दोन्ही एकाच वेळी. जोड मिलिमीटर मिलिमीटर सरकतो, तेव्हा कळत पण नाही, आणि दोन सीझननी एका बाजूला सुटायला लागतो. मग आपण म्हणतो कंपनीने फसवलं.

इथे मला राहवत नाही, कारण या बोर्डाच्या पोटात जे आहे ते मला जाम आवडतं. साधी ट्यूब फुगवली की ती गोल होते, कारण दाब सगळीकडे सारखा ढकलतो. मग हा बोर्ड सपाट कसा राहतो? वरचं कापड आणि खालचं कापड यांच्यामधे हजारो पॉलिएस्टरचे धागे उभे विणलेले असतात, सगळे एकाच मापाचे, गादीवाला टाके घालतो तसे, पण फारच दाट. याला ड्रॉप स्टिच म्हणतात. गुडइयर कंपनीने १९५६ साली चक्क फुगवायचं विमान बनवलं होतं ते याच जातीच्या कापडाचं. आता हिशोब करा, बोर्डाचं क्षेत्रफळ अंदाजे २२ हजार चौरस सेंटिमीटर आणि १५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोपेक्षा किंचित जास्त. म्हणजे वरचं कापड वर जायला बघतंय २३ टनांच्या जोराने! उसाने गच्च भरलेला ट्रक समजा, आणि तो त्या धाग्यांनी ओढून धरलाय.

टणकपणा येतो तो या ताणातूनच. तुम्ही मधे उभे राहता तेव्हा बोर्ड मधे दबतो, खालचं कापड ताणलं जातं आणि वरचं आखडायला बघतं. पण कापडाला आखडणं झेपत नाही, त्याला फक्त ताण कळतो, त्यामुळे हवेने आधीच जो ताण दिलाय तो संपेपर्यंत ते ताठ राहतं आणि संपला की तिथे सुरकुती पडते आणि बोर्ड दुमडतो. हा आधीचा ताण काट्यावरच्या दाबाच्या प्रमाणात असतो, आत-बाहेरच्या फरकाच्या, खऱ्या दाबाच्या नाही. म्हणून तारकर्लीला किनाऱ्यावर १५ भरलेला बोर्ड तसाच टपावर बांधून त्याच तापमानाला पवनेला आणलात तर काटा १६ दाखवेल आणि बोर्ड थोडा जास्तच कडक लागेल, कारण आतलं काही बदललं नाही, बाहेरची हवा विरळ झाली. (हे डोक्यावरून गेलं तरी चालेल, बोर्ड टपावर फुगवलेला नेऊ नका एवढं लक्षात ठेवा.)

हल्ली काही जण बोर्डात नायट्रोजन भरा म्हणतात, पेट्रोल पंपावर टायरला भरतात तसा. अहो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि उरलेला ऑक्सिजनसुद्धा याच नियमाने फुगतो आणि बसतो. पैसे देऊन २२ टक्क्यांचा फरक विकत घ्यायचा आणि तासाभरात तो सोडून द्यायचा. त्यापेक्षा एका मित्राने फिनला (बोर्डाखाली असतो त्या कल्ल्याला) लिंबू-मिरची बांधली होती ते परवडलं, पाच रुपयांत काम. उपयोग दोन्हीचा सारखाच.

बाकी देखभाल फार नाही. समुद्रातून आलात की गोड्या पाण्याने धुवा, मुख्यतः व्हॉल्व्ह आणि फिनचा खाचा. व्हॉल्व्हच्या रबरावर वाळूचा एक कण किंवा केस अडकला की खरी गळती तिथून होते. व्हॉल्व्हमधली पिन वर आलेली असताना, म्हणजे तो बंद असताना, त्यावर साबणाचं पाणी टाकून बघा, बाकी बोर्ड घासत बसण्याआधी.

चकाकी यावी म्हणून खोबरेल अजिबात चोळू नका. बोर्डाचं पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात मऊपणासाठी प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं आणि ते तेलात विरघळतं. म्हणजे तुम्ही चोळून चोळून त्याचा मऊपणाच बाहेर काढता. ऊन दुसऱ्या बाजूने मारतं, अतिनील किरणांनी पीव्हीसीमधलं क्लोरीन हायड्रोजनला घेऊन सुटतं, हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते आम्लच पुढची तोडफोड वाढवतं. पांढरा बोर्ड पिवळा पडतो तो मळ नसतो, घासून जाणार नाही.

पावसाळ्यात मात्र ओला गुंडाळून ठेवला तर आठ दिवसांत बुरशी आणि तो कुबट वास. पंख्याखाली पूर्ण वाळवा, सैल गुंडाळा, पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका.

मी आता काठावर १२ च भरतो, पाण्यात दहा मिनिटं सोडतो आणि मग वरचे तीन मारतो. बाहेर काढला की चहा येईपर्यंत पिन दाबून थोडी हवा सोडतो, मोठ्ठा फुस्स आवाज येतो आणि शेजारची पोरं दरवेळी दचकतात. गोंदाचे ते दोन डाग अजून आहेत, कोणी विचारलं तर डिझाईन आहे म्हणतो.