रिव्हेटचं पोट

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणारे लोक असतात. ते काम बघायला आलेला माणूस थोड्या वेळाने हमखास विचारतो, "एवढं ठोकत बसण्यापेक्षा सरळ वेल्डिंग का नाही करत?" वेल्डिंग म्हणजे पक्कं आणि रिव्हेट (एका टोकाला डोकं असलेला, भोकात घालून ठोकून बसवायचा धातूचा खिळा) म्हणजे डागडुजी, असा आपला समज. विमानाच्या पत्र्याला तो लागू नाही.

हा पत्रा बहुतेकदा 2024 नावाच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियममध्ये चार टक्क्यांच्या आसपास तांबं. तो तापवून झटकन थंड केला की पुढच्या काही दिवसांत आतल्या आत तांब्याचे अतिसूक्ष्म पुंजके जमतात आणि धातू आपोआप कडक होतो. अशा मिश्रधातूंचा हा गुण आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला 1906 साली सापडला. वेल्डिंगच्या आचेने नेमकी हीच कमाई जाते, शिवाय सांधा तडकतो. (जाता जाता: बाटल्यांवर आणि मोबाइलच्या कव्हरवर ‘एअरक्राफ्ट ग्रेड ॲल्युमिनियम’ छापतात. अशी कुठलीही एक ग्रेड नसते. विमानात अनेक मिश्रधातू वापरतात, त्यातले काही शिड्यांतही असतात.)

आता माझ्या आवडीचा भाग. एक अष्टमांश इंची रिव्हेट घ्या. डोक्यावर मधोमध टिंबाएवढा खड्डा असेल तर तो 2117 मिश्रधातूचा, जरा मऊ. त्याच्या दांड्याची जाडी 3.18 मिमी, आणि भोक पाडायचं 3.26 मिमीचं. म्हणजे भोवती केसभर फट. पत्र्यापलीकडे दांडा जाडीच्या दीडपट, 4.8 मिमी, बाहेर ठेवायचा आणि ठोकून त्याचं दुसरं डोकं बनवायचं: रुंदी जाडीच्या किमान दीडपट, उंची साधारण निम्मी.

ठोकल्याने धातू नाहीसा होत नाही, फक्त सरकतो. बाहेर राहिलेल्या दांड्याचं घनफळ सुमारे 38 घन मिमी. 0.8 मिमीचे दोन पत्रे जोडायचे असतील तर भोवतीची फट भरायला 0.7 घन मिमी धातू लागतो. म्हणजे बाहेरचा जेमतेम दोन टक्के धातू आत शिरतो, बाकीचा डोकं होऊन बाहेरच बसतो. आपण कौतुक करतो त्या गोल डोक्याचं; सांध्याचा खरा भार मात्र दांड्याच्या फुगलेल्या पोटावर असतो.

उडताना पत्रे एकमेकांवरून घसरू बघतात. त्यांना आडवा येतो तो दांडा. डोकी फक्त पत्रे दाबून धरतात. ओळीतल्या दहा रिव्हेटपैकी दोनच भोकात घट्ट असले आणि बाकीचे सैल, तर सुरुवातीला सगळा भार त्या दोघांवर. सैल रिव्हेट इंजिनाच्या थरथरीने घासत राहतो. घासून निघालेली काळी भुकटी वाऱ्याने मागे ओढली जाते आणि डोक्यामागे काजळाची रेघ दिसते. याला ‘स्मोकिंग रिव्हेट’ म्हणतात, आणि तपासणी करणारे तीच शोधतात.

गंमत म्हणजे रिव्हेट गन, म्हणजे भराभर ठोके मारणारं हत्यार, मारायची ती आधीपासून असलेल्या तयार डोक्यावर. पलीकडे दुसरा माणूस पोलादाचा जड ठोकळा, बकिंग बार, धरून असतो. गनच्या ठोक्याने रिव्हेट त्या ठोकळ्यावर आदळतो, ठोकळा जडत्वामुळे फारसा हलत नाही, आणि दांडा मधल्यामध्ये चेपतो. मध्ये पत्रा असल्याने दोघांना एकमेकांचे हात दिसत नाहीत. आवाजावर काम चालतं. ठोके थोडे आणि दमदार हवेत. हलके ठोके खूप वेळ मारत बसलं की धातू कडक होत जातो, नीट पसरत नाही, कडेला चिरतो. पत्रे चिकटून नसतील तर आणखी वाईट: धातू भोक भरायचा सोडून दोन पत्र्यांच्या मध्ये पसरतो. म्हणून रिव्हेटच्या आधी ‘क्लेको’ नावाच्या स्प्रिंगच्या खुंट्यांनी पत्रे आवळून ठेवतात.

डोकं पत्र्याच्या पातळीतच बसावं म्हणून सपाट डोक्याच्या रिव्हेटसाठी जाड पत्र्यात शंकूसारखा खड्डा कोरतात. पातळ पत्र्यात कोरला तर भोकाची कड सुरीसारखी धारदार होते. 1988 मध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचं छत हवेत उडून गेलं, तेव्हा पत्र्यांमधला चिकट जोड सुटला होता आणि तडे अशाच कडांपासून निघाले होते. म्हणून घरचे कारागीर पातळ पत्रा कोरत नाहीत, साच्यात दाबून खळी पाडतात. खळीत खळी बसते आणि भाराचा काही वाटा ती उचलते.

नवशिका मात्र वेगळ्याच ठिकाणी चुकतो. डोकं जरा वाकडं झालं की तो रिव्हेट ड्रिलने काढायला घेतो. ड्रिल किंचित कलतं, भोक लांबट होतं, आणि मग दोन टक्क्यांचा हिशेब पुरत नाही. थोडं कुरूप डोकं परवडतं, बिघडलेलं भोक नाही. बिघडलंच, तर एक खास रिव्हेट मिळतो: दांडा एक माप जाड, पण डोकं लहान, जुन्याच खळीत बसणारं. कारागीर त्याला ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात, आणि त्याची एक पुडी जवळ असतेच.