रबरबँडचा तिसरा वेढा

पन्नाशीच्या आगेमागे एका सकाळी ते हाताला कळतं. पोनी बांधताना रबरबँडचे दोन वेढे पुरायचे, आता तिसरा घ्यावा लागतो. आरशात अजून फारसं काही दिसलेलं नसतं. तरी अशा वेळी रबरबँडवर विश्वास ठेवावा, कारण त्याच्यामागे गणित आहे. पोनीचा घेर १० सेंटीमीटरवरून ८ वर आला, तर वाटतं पाचवा हिस्सा कमी झाला. पण केसांचा एकूण ऐवज घेराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १०० होते, त्यांचे ६४ उरतात. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त गेलेलं असतं.

मग तेल बदललं जातं, शाम्पू बदलला जातो, नाही तर एकीनं सांगितलेलं आणि दुसरीनं आणलेलं काहीबाही डोक्याला लावलं जातं. यातलं बरंचसं पंचविशीतल्या केसांसाठी असतं. इरकलीची आणि शिफॉनची निगा एकाच पद्धतीनं राखता येत नाही. पन्नाशीनंतरचा केस हाही वेगळा धागा आहे, आणि तो कसा वेगळा आहे हे एकदा समजलं की काय लावायचं, किती कापायचं, कसं बांधायचं याचे निर्णय पुष्कळ सोपे होतात.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर. मग दोनतीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते, सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टेकून राहतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस फणीत येणं हा आजार नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक केसाला वाढीच्या टप्प्यात जास्त काळ ठेवतं. याचा अनुभव अनेकींनी घेतलेला असतो: गरोदरपणात केस दाट झाले आणि बाळंतपणानंतर तिसऱ्याचौथ्या महिन्यात पुंजक्यापुंजक्यानं गेले. रजोनिवृत्तीत हेच संप्रेरक कायमचं ओसरतं. आपल्याकडे ती सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी येते. वाढीचा काळ आखूड होतो आणि काही केसांची मुळंच आक्रसतात. केस गळतो तसा परतही येतो, पण परत येणारा पहिल्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो. भांग रुंदावतो तो बराचसा यामुळे.

आता बारीक होणं म्हणजे काय, ते पाहू. मला स्वतःला या विषयातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. कुठल्याही गोल धाग्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. केसाची जाडी ७० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ६० वर आली, म्हणजे सातातला एकच भाग कमी झाला, तरी ताठपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. डोळ्याला हा फरक दिसत नाही. पण असे हजारो केस एकदम मऊ पडले की ते डोक्यालगत चिकटून बसतात आणि केस आहेत त्याहूनही कमी वाटतात. ‘केसांत जीव राहिला नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा चौथ्या घाताबद्दलच बोलत असतो.

भाताचं रोप वीतभर असताना ताठ उभं असतं आणि लोंबी भरली की लवतं. केसाचंही तसंच. लांबी वाढली की स्वतःच्या वजनानं तो मुळापाशी दबतो. हनुवटीपासून खांद्यापर्यंतची लांबी अनेकींना पन्नाशीनंतर खुलून दिसते, त्याचं कारण हे आहे. त्यात वयाला शोभण्या-न शोभण्याचा काही संबंध नाही. पार्लरमध्ये गेल्यावर खालची कड सरळ ठेवायला सांगावी. फार स्टेप्स मारल्या की आधीच विरळ असलेली टोकं आणखी विरळ दिसतात. वरच्या बाजूला एखाददुसरी हलकी स्टेप पुरते. आणि भांग चाळीस वर्षं एकाच जागी असेल, तर तो बोटभर सरकवून पाहा. मुळांना एका दिशेला झोपायची सवय झालेली असते. दिशा बदलली की केस काही काळ उभे राहतात.

लांब वेणी जिला प्राणाहून प्रिय आहे, तिनं ती कापू नये, असंच मी म्हणेन. फक्त बांधणं सैल करावं. वर्षानुवर्षं कपाळाकडचे केस ताणून घट्ट अंबाडा घातला, की कानशिलांवरचे केस मागे हटत जातात, आणि हा ताण फार वर्षं चालला तर तिथली मुळं कायमची बंद होतात. आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या कानशिलांवर ही खूण दिसायची. अंबाडा मानेवर, सैल, कापडी रबरनं. गंगावन लावायचं तर समारंभापुरतं, कारण त्याचं सगळं वजन तुमच्याच बारीक केसांवर येतं.

पांढरेपणाची गोष्ट वेगळी. ‘हे केस उन्हात पांढरे झाले नाहीत’ असं म्हणतात ते शब्दशः खरं आहे, कारण केस पिकतो तो कातडीच्या आत. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा साठा मुळाशी असतो. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली उंदरांवर दाखवलं, की वय वाढतं तशा या साठ्यातल्या पेशी मुळात एका जागी अडकून पडतात. जिथे पोचून त्यांनी रंग बनवायचा, तिथे त्या पोचतच नाहीत. पिकलेला केस एकदम राखाडी होत नाही. काळे आणि पांढरे मिसळून डोळ्याला राखाडी दिसतं.

त्यातच वयानुसार टाळूवरची तेलग्रंथी मंदावते. म्हणून पिकलेला केस कोरडा आणि हट्टी वाटतो. ऊन, धूर, बोअरच्या पाण्यातलं लोह यांनी त्यावर पिवळट झाक येते. याला एक उपाय आपल्या घरात फार पूर्वीपासून आहे, धोतराला आणि शाळेच्या शर्टाला घालायची नीळ. पिवळ्याला निळसर जांभळा रंग खोडून काढतो आणि पांढरं शुभ्र दिसतं. दुकानात जांभळा शाम्पू मिळतो, त्याचं काम नेमकं हेच. आठवड्यातून एकदा पुरे. कपड्यांची नीळ मात्र डोक्याला लावू नये.

कलप लावायचा की नाही हा ज्याच्यात्याच्या मनाचा प्रश्न आहे, पण लावणारीला दोन गोष्टी माहीत हव्यात. एक दिसण्याची. आपली टाळू गव्हाळ किंवा फिकट सावळी असते. विरळ झालेल्या केसांना गडद काळं केलं, की काळ्या रेघांमधून टाळू चटकन उठून दिसते. राखाडी किंवा तपकिरी छटेत तीच विरळता लपते. शिवाय गडद काळ्यात तीन आठवड्यांत भांगाशी पाऊण सेंटीमीटरची पांढरी रेघ उमटते. मधूनमधून फिकट बटा ठेवल्या तर ती रेघ मिसळून जाते.

दुसरी गोष्ट तब्येतीची. टिकाऊ काळ्या कलपात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं. अमोनियासारखं अल्कधर्मी द्रव्य केसावरचे खवले उचलतं आणि रंग आत शिरतो. हे खवले मंगलोरी कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. दर महिन्याला उचकटले की पुन्हा नीट बसत नाहीत आणि केस खरखरीत होतो. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उद्भवू शकते: कपाळावर पुरळ, सुजलेले डोळे. म्हणून दर वेळी कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट बघावी. आणि ‘काळी मेंदी’ या शब्दाला भुलू नये. मेंदीच्या पानातलं रंगद्रव्य पांढऱ्या केसाला फक्त केशरी-तांबडं करतं. एकाच हातात काळंभोर करणारी पूड असेल, तर तिच्यात मेंदीखेरीज काहीतरी आहे, आणि ते बरेचदा पीपीडीच असतं. वनस्पतींनीच काळं करायचं, तर आधी मेंदी आणि ती धुतल्यावर निळीच्या झाडाची, म्हणजे इंडिगोची पूड. वेळ खातं, पण जमतं.

तेलाबद्दल थोडं. खोबरेल तेलाची बाजू विज्ञानानं घेतली, ती मुंबईत. २००३ साली मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या रेळे आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी लावलेल्या खोबरेलानं केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली, बाकी दोघांनी नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे लक्षात ठेवूनच हे वाचावं, पण कारण पटण्यासारखं आहे. फायदा होतो तो केसाच्या धाग्याला. तेलानं नवे केस उगवत नाहीत. कोंडा असेल तर टाळूवर तेल चोपडूच नये, कारण कोंड्यामागची बुरशी स्निग्धावरच जगते. तेल लांबीला लावावं, न्हाण्याआधी तासभर. अंगाच्या साबणानं केस धुऊ नयेत. तो अल्कधर्मी असल्यानं कौलं उचलली जातात. शिकेकाई आम्लधर्मी, म्हणून तिनं केस त्या मानानं मऊ राहायचे. कंडिशनरही फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावावा. मुळाशी गेला की बारीक केस आणखी बसतो.

बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांबद्दल मला काळजी वाटते. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम लागतं आणि या गोळ्यांत त्याच्या शेकडो पट असतं. कमतरता नसलेल्या बाईला त्याचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही. उलट, रक्ताच्या काही तपासण्या त्यामुळे चुकतात. त्यात थायरॉइडची तपासणी येते आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानाची ट्रोपोनिनचीही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगाच.

अचानक मूठमूठ केस जायला लागले, तर दोनतीन महिने मागे जाऊन आठवा: डेंग्यू, टायफॉइड, शस्त्रक्रिया, घरातलं मोठं दुःख? अशी गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. नाहीतर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइड तपासून घ्यावं. भांग हळूहळू रुंदावत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ मिनॉक्सिडिल सुचवतात. मुळात हे रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा त्याचा हा गुण कळला. अमेरिकेत १९९१ साली २ टक्क्यांच्या द्रावणाला बायकांसाठी मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, आणि घाबरून अनेकजणी तिथेच थांबतात.

महिन्याला एक सेंटीमीटर ही गती कुठल्याच बाटलीला फारशी बदलता येत नाही. एका धुण्यात जो दाटपणा आणि चकाकी दिसते, ती बहुतेकदा केसावर बसलेल्या सिलिकॉनच्या पातळ थराची असते आणि पुढच्या काही धुण्यांत उतरते. खरा फरक मोजायचा तर शिवणाची टेप घ्यावी, कोरड्या केसांची पोनी बांधून घेर मोजावा आणि तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. पुन्हा मोजायचं ते सहा महिन्यांनी, त्याच जागी, तेवढीच घट्ट बांधून.