नाणं आणण्याआधी धुवू नका: जुन्या चांदीच्या नाण्यांचं ग्रेडिंग आणि स्लॅब

आमच्याकडे जुनी चांदीची नाणी ग्रेडिंगला (म्हणजे नाण्याची अवस्था तपासून आकडा देणाऱ्या कंपनीकडे) पाठवायला जे येतात त्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ग्रेड किती मिळेल, स्लॅब (कंपनीची आकडा लिहिलेली कडक प्लास्टिकची डबी) करून घेऊ का, आणि आधीच स्लॅबमधे असेल तर फोडून अल्बमला लावू का. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय, पण त्याआधी ज्या गोष्टीपायी सगळ्यात जास्त वेळ आणि फी वाया जाते ती सांगतो. नाणं आणायच्या आधी साफ करू नका. ब्रश नाही, टूथपेस्ट नाही, बेकिंग सोडा नाही, पॉलिश नाही, आणि बुडवलं की लगेच पांढरं करणारं डिप तर अजिबात नाही.

टांकसाळीत ठसा पडताना चांदी दाबाखाली मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर अगदी बारीक रेषा उठतात, नुसत्या डोळ्यांना त्या वेगळ्या दिसत नाहीत. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवा, उजेडाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा फिरताना दिसेल, तो या रेषांमुळेच. नाणं घासलं की या रेषा मोडतात आणि त्यांच्या जागी एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे येतात, भिंगाखाली अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ते पहिल्या नजरेत सापडतात. डिपमधे थायोयुरिया आणि आम्ल असतं, ते काळा थर काढतं पण तो थर चांदीचाच बनलेला असल्यामुळे वरची चांदीही जाते, चार वेळा डिप केलेलं नाणं पांढरं असतं पण निर्जीव, कितीही फिरवा, पट्टा काही फिरत नाही. असं नाणं पाठवलं की ग्रेडिंग कंपनी आकडा देत नाही, लेबलवर 'डिटेल्स' (नाणं खरं, पण पृष्ठभाग बिघडलेला) आणि 'क्लीन्ड' (साफ केलेलं) लिहून परत पाठवते, आणि फी तर लागतेच.

काळपटपणा म्हणजे घाण नव्हे. हवेतल्या गंधकाची चांदीशी क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, त्यालाच टोनिंग म्हणतात, आणि सावकाश बसलेलं सुंदर टोनिंग असेल तर जाणकार त्यासाठी जास्त मोजतात. अपवाद एकच, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर येणारा हिरवट चिकट थर. तो शुद्ध अ‍ॅसिटोनमधे नुसतं बुडवून ठेवलं तर निघतो, चांदीला काही होत नाही, फक्त पुसायचं नाही, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि जवळपास आग नको. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सेंट असतं. हात धजत नसेल तर तसंच आमच्याकडे आणा.

आता ग्रेड. 1 ते 70 ची स्केल विल्यम शेल्डन यांनी 1949 मधे अमेरिकेच्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी काढली, नंतर ती सगळ्याच नाण्यांना लागली. 60 आणि त्यावर मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेलं, 50 ते 58 एयू, म्हणजे जेमतेम वापरलेलं, 40 आणि 45 एक्सएफ, म्हणजे थोडं झिजलेलं, त्याखाली व्हीएफ वगैरे आणखी झिजलेली. खरी चुरस 58 आणि 60 च्या मधे असते. मॉर्गन डॉलर घ्या, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, पुढे लिबर्टी देवीचा चेहरा असलेला, झीज आधी लिबर्टीच्या गालावर आणि कानावरच्या केसांवर दिसते, मागे गरुडाच्या छातीवर. पण न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीतल्या बऱ्याच मॉर्गनचा ठसाच कमजोर पडलेला आहे, तिथे केस सपाट दिसले तरी ती झीज नसते. फरक ओळखायचा तो चमकेवरून, सपाट भागावरूनही उजेड तसाच फिरला तर ठसा कमजोर, आणि तेवढाच भाग मंद राखाडी राहिला तर नाणं वापरलेलं. हे फोटोत कळत नाही हो! म्हणून आम्ही फोन किंवा फोटोवर ग्रेड सांगत नाही, काही जणांना ते अडवणूक वाटते पण नाणं हातात घेऊन फिरवल्याशिवाय दिलेला आकडा हा अंदाज असतो आणि त्याच्या भरवशावर तुम्ही फी भरावी असं आम्हाला वाटत नाही. आणि हो, 58 चं स्वच्छ नाणं पिशवीत आपटून खुणा पडलेल्या 61 पेक्षा कितीतरी देखणं असू शकतं.

स्लॅबमुळे नाणं चांगलं होत नाही. पीसीजीएस 1986 पासून आणि एनजीसी 1987 पासून, या दोन अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या हे काम करतायत, त्यांच्या स्लॅबने मिळतं ते खरेपणाबद्दलचं त्रयस्थ मत, विकताना वाद कमी, आणि बोटांपासून संरक्षण. दुर्मिळ साल, ज्याच्या नकला फिरतात असं नाणं, किंवा वरच्या ग्रेडचं असेल तर स्लॅब कराच आणि केलेला असेल तर फोडू नका. फोडलात की ग्रेडची गॅरंटी गेली, परत पाठवल्यावर तोच आकडा येईल याची खात्री नाही. विकत घेताना मात्र लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथली माहिती, आणि फोटो असेल तर तोही जुळवा, कारण स्लॅबही नकली बनतात. आणि स्लॅब हवाबंद नसतो, आतलं नाणंही हळूहळू टोन होतं, त्यामुळे रबर, लोकर आणि साध्या पुठ्ठ्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवा.

सहज मिळणारं झिजलेलं नाणं असेल तर स्लॅबची फी नाण्यापेक्षा जड होते, तेव्हा आम्ही स्वतःहून नको म्हणतो. अशांना मायलारचं फ्लिप (पारदर्शक घडीचं पाकीट) किंवा मापाची कॅप्सूल पुरते, मॉर्गनला 38.1 मिमीची, दोन्ही आमच्याकडे असतात, नाणं दाखवलंत की माप घेऊन देतो.

आणताना नाणं कडेने धरा, एका पाकिटात एकच नाणं, आणि ज्या होल्डरमधे आहे त्यातून काढू नका, आम्ही काढतो. तुमच्यासमोर वजन आणि व्यास बघतो, मॉर्गन 26.73 ग्रॅमचा हवा, व्हिक्टोरियाचा रुपया 11.66 चा, मग भिंगाखाली तुम्हालाही दाखवतो आणि पाठवायचं की नाही ते तिथेच ठरवू.